शिक्षणशास्त्रातल्या नव्या संशोधकांचा अभ्यासगट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारे, करू पाहणारे आणि नुकतीच पूर्ण केलेले आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसतो आणि एकमेकांचे कच्चे लिखाण वाचतो. नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात, म्हणून उत्तरे इथे लिहून ठेवली आहेत. नियम आणि रकमा बदलत राहतात. कुठलाही अर्ज भरण्याआधी आपल्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक जरूर पाहा.

गाईड असताना असा गट लागतोच कशाला?

महाराष्ट्रात शिक्षणशास्त्रात संशोधन करणारा माणूस बहुतेक वेळा नोकरी करत असतो. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो, कुणी माध्यमिक शाळेत, कुणी बी.एड. कॉलेजात तासिका तत्त्वावर. संशोधन केंद्र दुसऱ्या गावात असते. कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम) होईपर्यंत चार चेहरे दिसतात, गप्पा होतात. ते संपले की प्रत्येक जण आपापल्या गावी परततो आणि पुढची काही वर्षे एकटाच असतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर कुणीतरी असते. त्याचा प्रयोग फसला तर ते शेजारच्याला दिसते. आपले काम घरी, रात्री, मुले झोपल्यावर चालते. ते कुठे अडले आहे हे कुणालाच दिसत नाही.

गाईडची जागा गट घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण त्यांच्या वेळेचा हिशोब पाहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. त्यात त्यांचे स्वतःचे तास, परीक्षा, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कागदपत्रे. संशोधन सल्लागार समितीसमोर आपण सत्रातून एकदा उभे राहतो. या दोन भेटींच्या मधल्या काळात जे शेकडो छोटे प्रश्न पडतात ते विचारायचे कुणाला? “शून्य परिकल्पना मांडू की दिशादर्शक?” “शंभराचा नमुना पुरेल का?” “हा संदर्भ मूळ पुस्तकातून घेतलेला नाही, चालेल का?” असे प्रश्न गाईडना फोन करून विचारायला संकोच वाटतो, आणि न विचारता राहिले की त्यांचे ओझे होते.

माझे ठाम मत असे आहे की लिखाण अर्धवट असतानाच दुसऱ्याच्या नजरेखालून गेले पाहिजे. पूर्ण झालेल्या प्रकरणावर आलेली सूचना पचवणे जड जाते, कारण तोवर आपण त्याच्या प्रेमात पडलेलो असतो. पाच कच्च्या पानांवर आलेली तीच सूचना आपण हसतखेळत घेतो.

नोंदणी झालेली नाही. आले तर चालेल का?

चालेल. एम.एड. करणारे, पेटची (विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेची) किंवा नेट-सेटची (प्राध्यापक पात्रता परीक्षांची) तयारी करणारे आणि पदवी मिळून दोन-चार वर्षे झालेले, असे सगळे गटात आहेत. २०२४ पासून नेटचा निकाल पीएच.डी. प्रवेशासाठीही धरला जातो, त्यामुळे नेट दिलेल्यांचे प्रवेशाबद्दलचे प्रश्न वाढले आहेत. त्यांची उत्तरे नुकताच प्रवेश घेतलेली मंडळी सगळ्यात चांगली देतात. स्वतःच्या प्रश्नावर काही शोधून काढण्याची खटपट करणारा शाळाशिक्षकही आम्हाला संशोधकच वाटतो, मग त्याला पदवी घ्यायची असो वा नसो.

बैठकीत नेमके काय होते?

दोघांचे लिखाण, प्रत्येकी पाच ते आठ पाने, बैठकीच्या आठवडाभर आधी सगळ्यांकडे जाते. वाचणाऱ्याने तीन गोष्टी लिहून आणायच्या: मला हे असे समजले, इथे मी अडखळलो, आणि हा माझा एक प्रश्न. लेखकाने पहिली वीस मिनिटे बोलायचे नाही, फक्त टिपून घ्यायचे. हा नियम सुरुवातीला सगळ्यांना जाचतो. पण लेखक लगेच समजावून सांगू लागला की वाचणाऱ्याचा गोंधळ झाकला जातो, आणि तो गोंधळच तर आपल्याला पाहायचा असतो. परीक्षकांच्या हातात प्रबंध पडेल तेव्हा समजावून सांगायला आपण तिथे नसणार.

आपल्या क्षेत्रात सगळेच सर नाहीतर मॅडम. गटात मात्र नावाने किंवा ताई-दादा म्हणून हाक मारतो. मुख्याध्यापक आणि त्यांच्याच शाळेतली शिक्षिका एका बैठकीला आल्या, तर त्या दोन तासांपुरते त्यांचे नाते दोन वाचकांचे असते. हे जमायला वेळ लागतो, पण जमते.

माझी कल्पना कुणी उचलली तर?

ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल आम्ही करत नाही. गटात आलेले लिखाण बाहेर पाठवायचे नाही, त्यातला तक्ता किंवा साधन लेखकाला विचारल्याशिवाय वापरायचे नाही, एवढे प्रत्येकाकडून लेखी घेतो. तारखेसह पाठवलेला ईमेल हाही एक पुरावाच असतो. शिवाय तुमच्या आराखड्याला मान्यता मिळाली की तो इन्फ्लिबनेटच्या शोधगंगोत्री या ऑनलाइन आराखडा-संग्रहावर ठेवता येतो, म्हणजे तुमचे काम चालू असल्याची उघड नोंद होते. माझ्या अनुभवात मात्र कल्पना चोरीला जाण्यापेक्षा वहीत पडून पडून विरून जाण्याचेच प्रमाण फार आहे.

विषय ठरत नाही. गट विषय देतो का?

विषय देत नाही. आणलेला विषय सोलून द्यायला मदत करतो. एक नेहमीचे उदाहरण घेऊ, म्हणजे पद्धत कळेल.

“इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर सहकारी अध्ययनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.” या घाटाचे शीर्षक आपल्या ग्रंथालयांत शेल्फभर सापडते. असे कुणी आणले की आम्ही विचारतो: प्रायोगिक गटाला शिकवणार कोण? तुम्ही स्वतः. नियंत्रित गटाला? त्या शाळेतले सर. म्हणजे दोन गटांत पद्धतीचा फरक आहे तसा शिक्षकाचाही आहे. प्रायोगिक गटाच्या वीस तासिका जादा झाल्या आणि दुसऱ्या गटाच्या झाल्या नाहीत, तर गुण वाढले ते सहकारी अध्ययनाने की वीस जादा तासिकांनी? नवीन बाई रोज येतात, गोल करून बसवतात, याचेच मुलांना अप्रूप वाटले असेल तर? दोन तुकड्या आधीच हुशारीनुसार पाडलेल्या असतील तर? उत्तरचाचणीनंतर दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेणार का?

असे विचारत गेले की संशोधिका स्वतःच म्हणू लागते, “मला खरे तर हे बघायचे आहे की गटात बसवल्यावर जी मुले एरवी गप्प असतात ती बोलतात का.” तो प्रश्न तिचा असतो, वर्गात वर्षानुवर्षे उभे राहून आलेला. त्यासाठी वीस मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून बारकाईने ऐकणे बहुधा दोन गटांच्या सरासरीपेक्षा जास्त उपयोगी पडते. मग गाईडशी बोलायला तिच्याकडे ठोस काहीतरी असते.

प्रयोगाधारित अभ्यासाला आमचा विरोध नाही. तो नीट करायचा असेल तर दोन्ही गटांना सारखा वेळ, शक्यतो सारखाच शिक्षक आणि गट कसे पडले याची प्रामाणिक नोंद, एवढे तरी हवे.

प्रश्नावली बनवली आहे. ती तपासून द्याल का?

तपासू, पण आधी एक गोष्ट करून या. ज्यांच्यासाठी बनवली त्यांच्यापैकी तिघांना समोर बसवा, प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, “तुम्हाला यात काय विचारले आहे असे वाटते?” यातच अर्धी विधाने गळतात.

“मला वर्गात तंत्रज्ञान वापरायला आवडते व त्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले आहे” असे विधान घ्या. ज्या बाईंना आवडते पण प्रशिक्षण मिळालेले नाही त्यांनी पाचपैकी कुठल्या चौकटीत खूण करायची? त्या मधल्या चौकटीत करतात आणि आपण प्रबंधात लिहितो, “शिक्षकांची अभिवृत्ती तटस्थ आढळली.” “मी सर्व विद्यार्थ्यांना समान वागणूक देतो” याला ‘असहमत’ म्हणणारा शिक्षक शोधूनही सापडणार नाही, अशा विधानातून काहीच हाती लागत नाही. परदेशी मापनश्रेणी मराठीत आणली असेल तर मूळ लेखकाची परवानगी घ्या, एकाने मराठी केलेले दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करवून घ्या आणि विश्वसनीयता आपल्या नमुन्यावर नव्याने काढा. मूळ लेखातला आकडा आपल्या मुलांना लागू पडेलच असे नाही.

शाळेत डेटा गोळा करायला कुणाची परवानगी लागते?

जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र घ्या, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, केंद्रप्रमुखांना फोन करा आणि मग मुख्याध्यापकांना भेटा. खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांबरोबर संस्थेचीही संमती लागते. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या असतील तर पत्र प्रकल्प कार्यालयाकडून. हे सगळे एका फेरीत होत नाही, म्हणून आराखडा मंजूर झाल्याबरोबर अर्ज टाका.

पत्र मिळाले म्हणजे पालकांची संमती मिळाली असे होत नाही. मुलांशी बोलणार असाल, त्यांचा आवाज किंवा फोटो घेणार असाल, तर पालकांना साध्या मराठीत, गरज पडेल तिथे त्यांच्या बोलीत, काय करणार आहोत ते सांगा आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक द्या. मुलालाही विचारा. गुरुजींनी सांगितले म्हणून मूल हो म्हणते, हे आपण शिक्षक असल्यामुळे चांगले जाणतो. मुलांची नावे, हजेरीपट, गुणपत्रके, फोटो यांतले काहीही गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचे नाही. या बाबतीत आम्ही कडक आहोत.

वेळापत्रक आखताना शाळेचे वर्ष डोळ्यासमोर ठेवा. जूनचे पहिले आठवडे प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. मग पायाभूत चाचणी, गणेशोत्सव, सहामाही, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरात सहल आणि स्नेहसंमेलन, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षकांना देता येतात, त्यामुळे निवडणुकीच्या वर्षात अख्खा महिना हातचा जाऊ शकतो. निवांत वेळ जुलैचा उत्तरार्ध, ऑगस्टचा पूर्वार्ध आणि दिवाळीनंतरचे काही आठवडे. विदर्भात उन्हामुळे शाळा इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, तेही लक्षात घ्या.

आणि काम झाल्यावर शाळेत परत जा. काय सापडले ते दोन पानांत लिहून मुख्याध्यापकांना द्या, शिक्षकांबरोबर बसा. “संशोधन करणारे येतात, फॉर्म भरून घेतात आणि परत तोंड दाखवत नाहीत” ही तक्रार शाळाशाळांत ऐकू येते. आपल्या मागून येणाऱ्याला त्या शाळेचे दार उघडे मिळणार की नाही, हे आपल्या वागण्यावर ठरते.

मला संख्याशास्त्र येत नाही.

आमच्यापैकी बहुतेकांना येत नव्हते. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर महाग आहे. जमोव्ही आणि जास्प ही दोन्ही फुकट आहेत आणि शिकायला सोपी. टी चाचणी, एफ चाचणी, काय-वर्ग कधी वापरायचे हे गटातले जाणते दोन बैठकांत शिकवतात. बाहेर पैसे देऊन विश्लेषण करून घेणारे भेटतात. तसे करू नका, असे मी कळकळीने सांगतो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तक्ता क्रमांक ४.७ समोर ठेवून “हा मुक्ततांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) कसा आला?” असे विचारले की घाम तुम्हालाच फुटणार. अवघड विश्लेषणासाठी जाणकाराची मदत जरूर घ्या. पण त्याच्या शेजारी बसून, प्रत्येक पायरी समजून घेऊन.

प्रबंध मराठीत लिहू की इंग्रजीत?

तुमचे विद्यापीठ मराठीला परवानगी देत असेल आणि तुमचा विचार मराठीत होत असेल तर मराठीत लिहा. ज्या शिक्षकांबद्दल लिहिता त्यांना ते वाचता येईल, हे फार मोठे कारण आहे. इंग्रजीत सविस्तर सारांश आणि एखादा लेख मात्र तयार ठेवा, नाहीतर राज्याबाहेर कुणाला कळणारच नाही.

एक कळकळीची विनंती: युनिकोडमध्ये टाइप करा. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, मराठी प्रबंध उघडून पाहा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या किंवा स्कॅन करून टाकलेल्या प्रबंधात ‘वाचन’ हा शब्द शोधला तर काहीच सापडत नाही. मजकूर कॉपी केला की अगम्य चिन्हे उमटतात. कुणीतरी पाच वर्षे घालवून केलेले काम डोळ्यांसमोर असते, पण शोधणाऱ्याला दिसत नाही. डीटीपीवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

वाचायला साहित्य कुठे मिळेल?

शोधगंगेपासून सुरुवात करा. जुन्या संशोधनासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या एम. बी. बुच यांनी सुरू केलेली शैक्षणिक संशोधनाची सर्वेक्षणे पाहा. पहिले १९७४ मध्ये आले. एनसीईआरटीची नियतकालिके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पुण्याची भारतीय शिक्षण संस्था जे. पी. नाईकांनी १९४८ मध्ये स्थापली. शिक्षणावर संशोधन कुणासाठी करायचे हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला त्यांत जे. पी. आणि चित्राताई नाईक यांची नावे फार वरची आहेत. त्यांचे लेखन प्रत्येक नव्या संशोधकाने वाचावे असे मला वाटते.

परदेशी नियतकालिकांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांना त्यातून मिळतात. तुम्ही खासगी कॉलेजात शिकवत असाल तरी तुमची नोंदणी ज्या विद्यापीठात आहे तिथल्या ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपालांशी ओळख करून घेण्याइतका फायद्याचा तास दुसरा नाही.

तयार आकडेवारी हवी असेल तर शाळांच्या माहितीचे यू-डायस प्लस, मुलांचे वाचन-गणित तपासणारे २००५ पासूनचे असरचे अहवाल आणि तिसरी, सहावी व नववीचे परख राष्ट्रीय सर्वेक्षण आहे. असरची चाचणी घरोघरी होते, परखची शाळेत. म्हणून दोन्हींचे आकडे शेजारी मांडताना सांभाळा.

पेपर कुठे छापू? एक महिन्यात छापून देतो म्हणणारे रोज मेल करतात.

त्या मेलना उत्तर देऊ नका. २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी अट यूजीसीने ठेवलेली नाही. आधीच्या २०१६ च्या नियमांत ती होती. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते बघा. यूजीसीला मान्य असलेल्या नियतकालिकांची केअर यादी २०१८ पासून होती आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि आपल्यावर आहे.

आम्ही काय बघतो? संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का आणि त्यांना आपले नाव तिथे आहे हे ठाऊक आहे का. मागच्या दोन वर्षांचे अंक उघडून त्यातले तीन लेख वाचतो. एकाच अंकात दंतवैद्यक, मराठी कविता आणि जीएसटी एकत्र दिसले की बाजूला ठेवतो. समीक्षकांचे शेरे येतात का, किती दिवसांत येतात, हे तिथे छापलेल्या कुणाला तरी विचारतो. नाकारलेल्या लेखाचे शेरेसुद्धा आम्ही बैठकीत वाचतो. लेख परत आला की तो एकट्याने उघडायचा नाही, हा आमचा रिवाज झाला आहे.

साहित्यचौर्याची टक्केवारी किती चालते? आणि एआय वापरला तर?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे चाळीस, साठ आणि साठाच्या वर असे टप्पे आहेत. पण शब्द फिरवून टक्का खाली आणणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. एआयची मदत इंग्रजी सुधारायला घेतली तर तसे लिहा. त्याने दिलेला एकही संदर्भ मूळ लेख स्वतः उघडल्याशिवाय घेऊ नका. अस्तित्वातच नसलेले लेख तो बिनदिक्कत देतो.

फेलोशिपबद्दल मार्गदर्शन मिळते का?

मिळते. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये, असे दर जानेवारी २०२३ पासून आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय या संस्थांच्या योजना आहेत. आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) आणि एनसीईआरटीही डॉक्टरेटसाठी अधिछात्रवृत्ती देतात. जाहिराती कधी येतील याचा भरवसा नसतो, म्हणून जात प्रमाणपत्र, वैधता, नॉन-क्रिमिलेयर, नोंदणीचे पत्र आणि गाईडच्या सहीचे नमुने एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. पैसे बहुतेकदा उशिरा येतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचे त्यात फार हाल होतात. अशा वेळी गटातल्या कमावत्यांनी प्रवासखर्च आणि छपाईचा भार उचलला आहे, आणि याचा कुणी गाजावाजा करत नाही.

नोकरी, घर, बाळंतपण यांत मागे पडले आहे. आता उशीर झाला का?

आधी तारखा मोजा. नियमानुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि प्रवेशापासून कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. महिला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. अनेकींना हे कुणी सांगितलेलेच नसते आणि त्या मनातल्या मनात काम सोडून देतात. अर्ज मुदत संपण्याआधी करा, पोच घ्या.

तान्हे बाळ घेऊन बैठकीला या. बाळ रडले म्हणून कुणाचे वाचन बिघडत नाही.

गाईडशी पटत नाही.

हे बंद दाराआड, दोन अनुभवी सदस्यांशी बोला, सगळ्यांसमोर नको. पुष्कळदा दुरावा असतो तो न भेटल्याने आलेला. लिहिलेले नाही म्हणून भेटत नाही आणि भेट नाही म्हणून लिहिले जात नाही. अशा वेळी दोन पानांचे टिपण घेऊन जायला आम्ही लावतो. भेट झाली की काय ठरले ते त्याच दिवशी ईमेलने कळवायचे, म्हणजे पुढे “मी असे म्हटलेच नव्हते” होत नाही. पण अपमान, पैशाची मागणी, घरची कामे सांगणे किंवा लैंगिक छळ असेल तर ते समजुतीने घ्यायचे प्रकरण नाही. तारखेसह नोंदी ठेवा, विद्यापीठाच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे आणि छळ असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जा. आमच्यापैकी कुणीतरी तुमच्याबरोबर येईल.

पदवी मिळाल्यावर गटाशी संबंध संपतो का?

उलट तिथूनच अवघड रस्ता सुरू होतो. पदवी मिळते, अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात आणि नोकरी सीएचबीचीच (तासिका तत्त्वावरचीच) राहते. संशोधन केंद्राचा आधार सुटतो, नियतकालिके मिळणे बंद होते, विचारणारे कुणी उरत नाही. प्रबंधातून दोन लेख काढायचे राहून जातात ते याच काळात. म्हणून नवे डॉक्टर गटात राहतात, प्रबंधाचे लेख करतात आणि मागच्यांचे वाचतात.

बाहेरच्या जगातही जायला हवे. कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन सोसायटी ऑफ इंडिया १९७९ पासून आहे आणि तिची वार्षिक परिषद तरुण संशोधकांना सोयीची वाटते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची एपिस्टेम परिषद विज्ञान आणि गणित शिक्षणात काम करणाऱ्यांनी चुकवू नये. युरोपियन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशन आपल्या मोठ्या परिषदेच्या आधी खास नव्या संशोधकांची परिषद भरवते. परिषदेला जाण्याआधी गटासमोर दहा मिनिटांची रंगीत तालीम होते, घड्याळ लावून.

आमच्या जिल्ह्यात असे काही नाही. सुरू कसे करू?

तीन जण पुरेत. कोर्सवर्कच्या तुकडीतले दोघे शोधा, एक पक्का वार ठरवा आणि तो कुणासाठीही बदलू नका. जागा शाळेचा वर्ग, सार्वजनिक वाचनालयाचा कोपरा किंवा कुणाचे घर. नेट चांगले असेल तर ऑनलाइन बसा, पण पहिल्या दोन बैठका समोरासमोर होऊ द्या. अध्यक्ष-सचिव नेमू नका, नोंदणी करू नका, लेटरहेड छापू नका. त्यातच उत्साह आटतो. उद्घाटनाला पाहुणेही नकोत. व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण त्यावर फक्त तारीख, फाइल आणि प्रश्न. सुप्रभात आणि वाढदिवस आले की कामाचे निरोप वाहून जातात. पहिली पाने स्वतःची ठेवा, म्हणजे बाकीच्यांना धीर येतो.

फी किती?

काही नाही. चहा आळीपाळीने.

पहिल्या बैठकीला काय आणू?

हाताशी जे असेल ते. आराखड्याचे दोन परिच्छेद, साधनाचा कच्चा खर्डा, एका मुलाखतीचे लिप्यंतर (नावे बदलून), नाकारलेला लेख. पानांना क्रमांक घाला, ओळींमध्ये लिहायला जागा सोडा आणि अगदी वर एका वाक्यात लिहा की या पानांबद्दल तुम्हाला आमच्याकडून नेमके काय जाणून घ्यायचे आहे.